खेचराचा चढ, तोफेचा चढ

मोटारीतून जाणाऱ्याला तीन टक्के चढ (शंभर मीटरला तीन मीटर वर) म्हणजे सपाट रस्ता. चालणाऱ्यालाही तो फारसा जाणवत नाही, गप्पा मारता मारता माणूस वर पोचतो. सायकलवाल्याला मात्र टक्क्याटक्क्याचा हिशेब चुकवावा लागतो, आणि तोही रोख. ७५ किलोचा माणूस, सामानासकट १५ किलोची सायकल आणि ताशी १० किलोमीटरचा वेग धरला, तर चढाच्या प्रत्येक टक्क्यामागे साधारण २५ वॅट जास्तीचे लागतात. बऱ्यापैकी सराव असलेला माणूस तासभर दीडशे-दोनशे वॅट काढतो. दगडमातीच्या वाटेवर त्यातले चाळीस-पन्नास नुसतं चाक फिरतं ठेवण्यातच जातात. उरलेल्यात सहा टक्क्यांचा चढ निघाला तरी पुष्कळ झालं.

म्हणूनच जुनी वाट समजून घ्यायला माउंटन बाइकसारखं वाहन नाही, असं माझं ठाम मत होत गेलंय. या वाटा सायकलसाठी कुणीच बांधल्या नव्हत्या. कुठे पायदळ जायचं होतं, कुठे मिठाच्या गोण्या लादलेली खेचरं, कुठे तोफा ओढणारे घोडे, कुठे वाफेचं इंजिन. प्रत्येकाला झेपणारा चढ वेगळा, प्रत्येकाला लागणारं वळण वेगळं. बांधणारे गेले, वापरणारे गेले, माहितीचे फलक पावसानं धुऊन निघाले, तरी चढ जिथल्या तिथे असतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि कॅमेऱ्यालाही दिसत नाही. जीव काढणाऱ्या चढाचा फोटो घरी येऊन बघावा, तर त्यात एक निवांत सपाट रस्ता आणि त्यावर उगाचच लालबुंद झालेला माणूस. देखावे सुंदर असतातच, मी ते नाकारत नाही. पण ‘तिकडे बघण्यासारखं काय आहे?’ असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते, कारण मला सांगायचं असतं ते मांड्यांना कळलेलं असतं.

यात गंमत अशी, की माउंटन बाइक जन्माला आली ती उतारासाठी. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत सत्तरच्या दशकात काही पोरं तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, जाड टायरच्या, अवजड श्विन सायकली ट्रकमध्ये टाकून डोंगरावर न्यायची आणि वणवा आटोक्यात ठेवायला काढलेल्या कच्च्या रस्त्यावरून खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ला तिथे पहिली शर्यत झाली. साडेतीन किलोमीटरच्या आत जवळजवळ चारशे मीटर उतार, आणि ब्रेक कुठला, तर पेडल उलटं दाबलं की मागच्या चाकाच्या तुंब्यात लागणारा. खाली येईस्तोवर त्यातलं ग्रीस जळून धूर निघायचा. त्यांच्यातल्याच ‘जो ब्रीझ’ नावाच्या एकानं १९७७मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवली, गिअर आले, आणि मग ट्रकची गरज उरली नाही. आज पुढे ३२ दात आणि मागे ५१ दात ही जोडी सर्रास मिळते. त्या गिअरला पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम दीड मीटर सरकते, म्हणजे चालणाऱ्याची दोन पावलं. चढ वाचता येतो तो या गिअरमुळे. त्यापेक्षा जड गिअरला माणूस नुसता झटत राहतो, वाचत काही नाही.

वाईट रस्त्यावर सायकल घालणं त्याच्याही बरंच आधीचं आहे. १८९७मध्ये अमेरिकी लष्कराच्या २५व्या पायदळ रेजिमेंटमधले वीस कृष्णवर्णीय सैनिक, लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या हाताखाली, मोंटानातल्या फोर्ट मिझूलाहून सेंट लुइसला सायकलींवर गेले. सुमारे १,९०० मैल, ४१ दिवस. गिअर नाहीत, सस्पेन्शन नाही, पाठीला बंदूक. चिखलाच्या रस्त्याला कंटाळून पुष्कळदा ते रेल्वेच्या स्लीपरांवरून सायकली हाकत. तीन तास स्लीपरांवरून सायकल चालवणं म्हणजे काय, याची कल्पना यायला तीन मिनिटं पुरतात. त्यापुढे हातांची बोटं ऐकेनाशी होतात.

चढ कुणासाठी बांधला हे ओळखायचा नाद मला लागला तो स्कॉटलंडमधल्या कॉरियॅरिक खिंडीत. लॅगनहून निघून फोर्ट ऑगस्टसला उतरणारी ही वाट जनरल जॉर्ज वेड यांच्या सैनिकांनी १७३१मध्ये बांधली. स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देऊ पाहणाऱ्या जॅकोबाइटांचं १७१५चं बंड मोडलं होतं, पण डोंगराळ मुलुखावर लंडनची पकड नव्हती. तिथे फौज आणि तोफा झटपट नेता याव्यात म्हणून वेडनं सुमारे अडीचशे मैलांचे रस्ते आणि चाळीसच्या आसपास पूल बांधून काढले. कॉरियॅरिक हा त्यातला सगळ्यांत उंचावरचा रस्ता, माथा साधारण ७७० मीटरवर.

लॅगनकडून गेलं की सुरुवातीला स्पे नदीच्या काठानं रस्ता रमतगमत जातो. गार्वा ब्रिज हा वेडच्या काळातला दगडी पूल लागतो, दोन कमानींचा, अंगानं दणकट. मेलगार्वच्या पुढे डांबर संपतं आणि समोर डोंगराची भिंत येते. ही भिंत वेडच्या माणसांनी नागमोडी वळणं घालून चढवली. चढ आहेच, आणि खडी सुटी आहे, मागचं चाक सारखं निसटतं. पण थोडं वर गेल्यावर ध्यानात येतं की हा चढ एकसारखा आहे. एखादी पायवाट असते तशी तो मध्येच उसळी मारत नाही, मध्येच दमही खाऊ देत नाही. एकदा गिअर धरला की धरला. पायवाट चालणाऱ्याच्या मर्जीनं वाढते, इथे उठ तिथे बस असा तिचा कारभार असतो. तोफ ओढणाऱ्या घोड्यांना असा लहरी चढ चालत नाही. मध्येच तीव्र टप्पा आला आणि जोडी थांबली, की मागचा गाडा त्यांना घेऊन उलटा निघतो. म्हणून बांधणाऱ्यानं चढ डोंगरभर सारखा वाटून दिलेला.

वळणांवर तर हे आणखीच उघड होतं. वळण आलं की रस्ता रुंदावतो आणि जवळजवळ सपाट होतो, बाहेरून दगडी आधारभिंत घातलेली. चार-सहा घोड्यांची जोडणी आणि मागचा गाडा असं लांबलचक लटांबर वळवायचं, तर एवढी जागा हवीच. सायकलला वळायला त्याच्या दहाव्या हिश्शाची जागा पुरते. मी प्रत्येक वळणावर त्या घोड्यांच्या वाट्याच्या सपाटीवर आयता श्वास घेत होतो. रस्त्याला तिरके दगडी चरही आहेत, वरून येणारं पाणी रस्ता न फोडता पलीकडे जावं म्हणून. पुढचं चाक त्यात आडवं पडलं की मनगटापर्यंत ठणका बसतो आणि वाटतं, एवढी वर्षं झाली तरी चर काम करतोय. जिथे चर बुजलेत तिथे पावसानं रस्त्याचा कणा उघडा पाडलाय, आणि तिथे मात्र मुकाट्यानं उतरून ढकलावं लागतं.

या रस्त्याची पुढची गोष्ट मला फार आवडते. १७४५च्या ऑगस्टमध्ये राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टनं नवं बंड पुकारलं. सरकारी सेनापती सर जॉन कोप उत्तरेकडे याच रस्त्यानं फोर्ट ऑगस्टसला निघाले होते. डॅलव्हिनीला त्यांना बातमी लागली की खिंड बंडखोरांनी धरलीय. वरून गोळ्या आणि खालून सतरा वळणं चढणारे आपण, हे चित्र डोळ्यांसमोर आलं असावं, कोप इन्व्हर्नेसच्या दिशेनं वळले. बंडखोर वेडच्या रस्त्यांवरून आरामात दक्षिणेला उतरले आणि पुढे एडिंबरा घेतलं. ज्यांना चिरडायला रस्ता बांधला, त्यांनाच तो पहिल्यांदा कामी आला. त्या वळणांवर घाम गाळताना मी कोप यांना दोष देऊ शकलो नाही. लढाई राहू द्या, वरून नुसतं कुणी बघत असतं तरी मी वळलो असतो.

माथ्यावर आता विजेच्या तारांचे प्रचंड मनोरे आहेत. बरेच जण त्यांच्या नावानं बोटं मोडतात. मला ते खटकले नाहीत. डोंगर ओलांडायला इथेच बरं, हे वेडला कळलं होतं, गुरं हाकणाऱ्या धनगरांना त्याच्याही आधी कळलं होतं, वीज कंपनीला उशिरा कळलं इतकंच.

आल्प्समध्ये असाच एक रस्ता आहे, इटलीतल्या लिमोने पिएमोंतेपासून समुद्राच्या दिशेनं उंचावरून जाणारा. आल्ता व्हिया देल साले, म्हणजे मिठाच्या जुन्या व्यापाराशी नातं सांगणारा मार्ग, पण आजची वाट मुख्यतः लष्करी. तोच तो एकसारखा चढ, तीच रुंद वळणं. कोल दि तेंदाच्या माथ्यावर इटलीनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या भीतीनं किल्ले बांधले. १९४७च्या तहात तो भाग फ्रान्सकडे गेला आणि फ्रान्सला अडवायला बांधलेले किल्ले फ्रान्सचेच झाले. लष्करी रस्त्यांच्या नशिबी हे असं बरेचदा येतं. आता त्या रस्त्यावर मोटारींना संख्येची मर्यादा आहे आणि ठरावीक दिवशी पूर्ण मनाई, त्यामुळे तोफांसाठी आखलेला चढ सायकलवाल्यांना मोकळा मिळतो.

तोफेचा चढ एकदा ओळखता आला की बाकीचे आपोआप वेगळे पडू लागतात. इंग्लंडच्या उत्तरेला पेनाइन डोंगरांत लोकर, मीठ आणि चुना वाहून नेणाऱ्या घोड्यांच्या वाटा आहेत. पाठीवर ओझं घेतलेलं जनावर गाडीपेक्षा खूप तीव्र चढ घेतं, त्याला रुंदीही लागत नाही. म्हणून या वाटा डोंगराला सरळ भिडतात. चढ पंधरा टक्के, मग सात, मग वीस, जशी जमीन असेल तसा. ओल्या भागात एकामागोमाग एक दगडी लाद्या टाकलेल्या असतात, रुंदीला जेमतेम हातभर, आणि शेकडो वर्षांच्या टापांनी प्रत्येक लादीत मधोमध खळगा पडलेला. पाऊस पडून गेला की त्या खळग्यांत पाणी साठतं आणि सायकलचं चाक नेमकं त्या ओळीतून जातं. लादीवरून उतरलं की दोन्ही बाजूंना काळा चिखल, एकदा रुतलेला पाय बूट सोडून वर येतो.

तिथल्या पुलांवर मला एक गोष्ट हाताला कळली. पूल अगदी अरुंद, कमान उंच आणि कठडे मात्र गुडघ्याला लागतील न लागतील इतके बुटके. पहिल्यांदा वाटलं, पडझड झाली असेल. नंतर उलगडा झाला. घोड्याच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या गोण्या कठड्याला घासू नयेत म्हणून कठडे मुद्दाम बुटके ठेवलेले. माउंटन बाइकचं हँडल आजकाल पाऊण मीटरहून रुंद असतं. उंच कठड्याच्या अरुंद पुलावर ते हमखास अडतं, बोटांची सालं निघतात. या पुलांवरून ते कठड्याच्या वरून, गोण्या जात असतील तसंच, बिनबोभाट निघून जातं.

रोमन रस्ता याच्या अगदी उलट स्वभावाचा. तो सरळ जातो, ही त्याची ख्याती आणि सायकलवाल्याचा छळ. इसवीसनपूर्व ३१२मध्ये सुरू झालेली व्हिया आपिया रोमपासून तेर्राचिनापर्यंत जवळजवळ रेघ ओढल्यासारखी जाते. चालणाऱ्या पलटणीला चढ आला तर चढायचा, वळसा घालून दिवस घालवायचा नाही, असा खाक्या. रोमजवळ जिथे मूळच्या बसाल्टच्या मोठाल्या लाद्या उघड्या आहेत, तिथे लाद्यांमधल्या फटी झिजून रुंद झाल्यात आणि प्रत्येक लादीची पाठ फुगीर. टायरमधली हवा निम्मी केली, सस्पेन्शन सगळं मोकळं सोडलं, तरी दातावर दात आपटतात. कडेच्या समाध्या आणि पाइन वृक्ष बघायला मान वळवली की पुढचं चाक फटीत. २०२४मध्ये युनेस्कोनं या रस्त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं ते योग्यच झालं, पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर तिथे सायकल कडेच्या मातीच्या पट्टीवर घ्यावी आणि लाद्यांवरून चालावं. सगळं जुनं सायकलवरूनच बघायला हवं असा काही नियम नाही.

आणि मग काही वाटा अशा, की ज्या कुणी बांधल्याच नाहीत. दक्षिण इंग्लंडमधली रिजवे ही त्यातली. एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगहो बीकनपर्यंत १३९ किलोमीटर, आणि लोकांचा वावर हजारो वर्षांचा. खालची खोरी झाडीनं आणि दलदलीनं भरलेली, वरची खडूच्या दगडाची धार कोरडी, म्हणून माणसं धारेवरून चालली. वाटेवर वेलँड्स स्मिदी ही पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची दफनजागा आहे. जवळच अफिंग्टनचा पांढरा घोडा, डोंगराच्या अंगावर चर खणून त्यात खडू ठासून काढलेलं चित्र, सुमारे तीन हजार वर्षांचं, लांबी ११० मीटरच्या आसपास. वेळोवेळी गवत काढून नवा खडू ठोकला नाही तर घोडा काही वर्षांत नाहीसा होईल. म्हणजे तीन हजार वर्षं तो कुणी ना कुणी ठोकत आलंय.

रिजवेवर चढाचा काही नेम नाही. पुढच्या गुरानं जिथून नेलं तिथून वाट गेली. पूर्वी ती ठरावीक वाटही नव्हती, एक रुंद पट्टा होता. अठराव्या शतकात शेतांना कुंपणं पडू लागली तेव्हा कुठे तिच्या बाजू पक्क्या झाल्या. कोरड्या दिवसांत तिथला खडू सिमेंटसारखा कडक आणि डोळे दिपतील इतका पांढरा. पाऊस झाला की तोच खडू लोण्यासारखा निसरडा होतो आणि टायरला चिकटत चिकटत फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यात, असा ठासून बसतो की चाक फिरायचं थांबतं. काडीनं उकरून काढावा लागतो. त्यातच गारगोटीच्या धारदार कपच्या. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा चिकट द्रव, फसफसत बाहेर येतं आणि आपण भोक वरच्या बाजूला यावं की खालच्या, याचा विचार करत उभे राहतो. (खालच्या. म्हणजे सीलंट तिथे जमतं.)

या वाटेचा पश्चिमेकडचा अर्धा भाग सायकलला खुला आहे, पूर्वेचा बराचसा नाही, आणि तो फरक जमिनीत कुठेच दिसत नाही. तो कायद्यात आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटपाथ ही रानाशेतातली वाट फक्त चालणाऱ्यांची, ब्रायडलवे ही घोडेस्वारांचीही. १९६८च्या कायद्यानं ब्रायडलवेवर सायकलला परवानगी मिळाली, पण चालणारा किंवा घोडा आला तर वाट द्यायची या अटीवर. म्हणजे एखादी वाट आज मला मिळेल की नाही, हे दोनशे वर्षांपूर्वी तिथून कुणी घोडा नेत होतं का यावर ठरू शकतं. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्यानं जबाबदारीनं वागाल तर बहुतेक सगळा मुलूख खुला केला. अमेरिकेत १९६४च्या वाइल्डरनेस कायद्याखालच्या रानांत सायकलला बंदी आहे, घोड्याला नाही. याच्यावर सायकलवाले तावातावानं भांडतात. मी घोड्याच्या बाजूचा नाही, पण एक खरं, की उतारावर ब्रेक करकचून दाबून मागचं चाक घसटवत नेणारा एक सायकलस्वार जी खाच पाडतो, तिच्यात पुढच्या पावसाचं पाणी शिरतं आणि उरलेलं काम पाणी करतं. जुन्या तटबंदीच्या मातीच्या उतारावर उड्या मारायला उंचवटे खणणारेही असतात. अशांबद्दल माझ्याकडे समजूतदारपणा शिल्लक नाही.

पाण्यानं आणि टापांनी मिळून काय होतं ते खोलगट वाटांत दिसतं. मऊ वालुकाश्माच्या प्रदेशात शतकानुशतकं चाकं आणि खूर माती मोकळी करत गेले, पाऊस ती वाहून नेत गेला आणि वाट दोन्ही बाजूंच्या शेतांच्या खाली, कधी दोन-दोन पुरुष खोल गेली. चढ जिथे तीव्र तिथे ती जास्त खोल. आत सायकल घातली की एकदम गारवा, कुजक्या पानांचा थर, आणि झाडांची मुळं डोक्याच्या उंचीवर. वरच्या शेतात ट्रॅक्टर चालू असतो तो ऐकू येतो, दिसत नाही.

रेल्वेच्या चढाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो मुळातच थोडका असतो. न्यूझीलंडमधल्या ओटॅगोत बंद पडलेल्या लोहमार्गावर २००० साली १५२ किलोमीटरची वाट खुली झाली. चढ कुठेच पन्नासाला एकाहून जास्त नाही, कारण इंजिनाला त्याहून जास्त झेपत नव्हतं. ऐकायला हे स्वर्गासारखं वाटतं. प्रत्यक्षात दोन टक्के चढ दहा किलोमीटर चालला की तो ना धड चढ ना धड सपाट, दम लागत नाही आणि सुटकाही होत नाही, त्यात समोरून वारा. खरी मजा पूलबर्नच्या घळीत, जिथे बोगद्यांतून टॉर्च लावून जावं लागतं. नॉर्वेत रालारवेगन आहे, १९०९ साली सुरू झालेल्या बर्गन लोहमार्गाच्या बांधकामासाठी केलेला सामानाचा रस्ता. तिथे एक विलक्षण गोष्ट बघायला मिळते. शेजारून रेल्वे जाते ती डोंगर पोखरत, आपला चढ सांभाळत. सामानाच्या गाड्यांचा रस्ता मात्र प्रत्येक टेकाडावर चढतो आणि प्रत्येक ओढ्यात उतरतो, कारण तो काही वर्षं टिकला तरी पुरे होता. इंजिनासाठी डोंगर कापला, मजुरांना डोंगरावरून पाठवलं. १,३४३ मीटरवरच्या माथ्यावर जुलैतही बर्फाचे पट्टे असतात आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

असल्या वाटा शोधायच्या तर सायकलिंगच्या ॲपवर फार विसंबू नये. तिथे लोक जिथून जास्त जातात ते ठळक दिसतं, आणि लोक जातात ते मागच्यानं टाकलेल्या मार्गावरून. मी रात्री जुने नकाशे उघडून बसतो. स्कॉटलंडचा १७४७ ते १७५५ या काळात विल्यम रॉय यांनी केलेला लष्करी सर्व्हे तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयानं इंटरनेटवर ठेवलाय, आजच्या नकाशावर तो पसरून बघता येतो. नव्या नकाशात जिथे दोन शेतांमध्ये नुसतं कुंपण दिसतं, तिथे जुन्यात रस्ता निघतो. समोच्चरेषा मोजून चढ काढायचा आणि आधीच अंदाज बांधायचा, की हा घोड्याचा का गाडीचा. अंदाज चुकला की वाटेवर मजा दुप्पट.

ई-बाइकनं यात एक घोळ घातलाय. युरोपात २५० वॅटची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत मदत, अशी मर्यादा आहे. २५० वॅट म्हणजे माझ्यासारख्या एका अख्ख्या माणसाहून जास्त. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माझा एक मित्र त्याच्या जोरावर पुन्हा डोंगरात येऊ लागला, तेव्हापासून मी ई-बाइकबद्दल कुरकुर करायचं सोडून दिलंय. पण एका लांबलचक खेचरवाटेच्या माथ्यावर मी गवतावर पसरलेलो असताना त्यानं पाणी पीत विचारलं, “तू म्हणत होतास तो चढ कुठे लागतो?” यावर काय बोलणार.

आणि एका प्रसिद्ध रस्त्याला मी जाणार नाही. बोलिव्हियातला युंगासचा, ‘मृत्यूचा रस्ता’ म्हणून विकला जाणारा. चाको युद्धातल्या पॅराग्वेच्या कैद्यांकडून तो तीसच्या दशकात खणून घेतला, बांधकामातही माणसं गेली आणि नंतर कित्येक वर्षं गाड्या दरीत जात राहिल्या. २००६मध्ये पर्यायी रस्ता झाल्यावर जुना सायकलवाल्यांना मिळाला. साडेचार हजार मीटरहून अधिक उंचीवरून थेट उष्ण जंगलात उतरायचं. उतरणारे उतरोत, मजा येतच असणार. ‘मृत्यूचा रस्ता उतरलो’ असं मिरवणाऱ्या टी-शर्टांचं मला जमत नाही. शिवाय तिथे लोक गाडीनं वर जातात आणि फक्त उतरतात, म्हणजे कैद्यांनी खणलेल्या चढाशी कुणाची गाठच पडत नाही.

आता गेली काही दशकं प्रथमच सायकलसाठी म्हणून डोंगरात वाटा काढल्या जाताहेत, आणि त्यांचाही स्वतःचा चढ तयार झालाय. १९८८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटनेनं प्रसृत केलेले साधे ठोकताळे आहेत. सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा. डोंगरउताराचा जो तिरपेपणा असेल, त्याच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला द्यायचा नाही, नाहीतर पाणी आडवं ओलांडून न जाता वाटेवरूनच वाहत सुटतं. आणि थोड्या थोड्या अंतरावर चढाची दिशा क्षणभर उलटी करायची, म्हणजे तिथे पाणी बाहेर पडतं. सायकलवर बसल्यावर ही उलटी दिशा झोक्यासारखी लागते, हसू येतं. वेडच्या माणसांनी जे दगडी चरानं साधलं, तेच इथे जमिनीच्या घडीनं साधलंय, आणि मनगट वाचलंय. मला जुन्या वाटांचं वेड असलं तरी हे काम मी मनापासून मानतो.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर या दोन्हीची सरमिसळ झालेली एक वाट आहे, ओल्ड घोस्ट रोड, लायलपासून सेडनव्हिलपर्यंत ८५ किलोमीटर. एकोणिसाव्या शतकात सोनं खणणाऱ्यांसाठी दोन्ही टोकांकडून रस्ता काढायला घेतला होता. सोनं आटलं, माणसं निघून गेली, दोन टोकं एकमेकांना भेटलीच नाहीत. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी लोकांनी जुन्या नकाशावरून तो हुडकला, मधला तुटलेला भाग डोंगराच्या धारेवरून नव्यानं काढला आणि २०१५मध्ये वाट पुरी झाली. तिथे मी अजून गेलेलो नाही. बैलगाडी-घोडागाडीसाठी आखलेला चढ कुठे संपतो आणि सायकलवाल्यांनी काढलेला कुठे सुरू होतो, ते फलक न वाचता मला ओळखायचंय. माझा अंदाज असा, की वळण रुंद आणि सपाट लागेल तोवर गाडीवाल्यांची हद्द, आणि आतल्या बाजूला कललेलं पहिलं वळण आलं की पुढे आपलं राज्य. गुडघ्यावाला मित्रही येतो म्हणतोय. त्याला एवढीच अट घातलीय, की त्या मधल्या पट्ट्यात मोटर बंद ठेवायची.